भांड्यांची मशीन आणि हलवलेले देव

चंद्रपूर-भद्रावतीच्या बाजारात माझ्याविषयी एक गोष्ट सांगितली जाते. हमीद शेख नावाच्या दुकानदाराने आपली भांडी धुण्याची मशीन खपवण्यासाठी एका विधवा बाईच्या स्वयंपाकघरातले देव बाहेर काढायला लावले, अशी ती गोष्ट आहे. सांगणाऱ्याच्या स्वभावाप्रमाणे तिचे तपशील बदलतात. कोणी सांगतो की देवघर मी स्वतःच्या हाताने उचलले. कोणी सांगतो की बाई रडत होत्या आणि मी शांतपणे टेप गुंडाळत होतो. एका लग्नाच्या पंगतीत तर शेजारी बसलेल्या गृहस्थाने ही गोष्ट मलाच सांगितली. मी तोच हमीद, हे त्याला ठाऊक नव्हते. मी जेवण संपवले, हात धुतले आणि निघून आलो.

सांगणाऱ्यांपैकी एकही माणूस त्या दिवशी त्या घरात नव्हता. मी होतो. इतकी वर्षे मी या गोष्टीचे खंडन केले नाही, कारण एका व्यक्तीने मला गप्प राहायला सांगितले होते. तिनेच आता लिहायला परवानगी दिली आहे. परवानगी मिळाली नसती तरी मी लिहिलेच असते, असे म्हणण्याचा मोह होतो. पण ते खरे नाही. घरातल्या माणसांची नावे मात्र बदलली आहेत.

प्रथम धंदा समजून घ्यावा, नाहीतर पुढचे काही कळणार नाही.

चंद्रपुरात माझे घरगुती यंत्रांचे दुकान होते. आता ते पुतण्या चालवतो. मिक्सर, कूलर, फ्रिज, कपड्यांची मशीन हे सगळे मी विकले. पण डिशवॉशर, म्हणजे आमच्याकडच्या भाषेत ‘भांडे धुवाची मशीन’, ही वस्तू इतरांपेक्षा वेगळी निघाली. फ्रिज विकताना घरातल्या माणसांची संख्या विचारली की काम भागते. या मशीनला तो हिशेब लागू पडत नाही. तिच्यावर लिहिलेले असते आठ जणांची, दहा जणांची, बारा जणांची. हे जण परदेशातले आहेत. त्यांच्या माणशी एक ताटली, एक वाटी, एक पेला आणि काटे-चमचे धरलेले असतात. स्वयंपाक कशात केला, हे तिथे कोणी विचारत नाही. आपल्याकडे चार माणसांच्या जेवणामागे कुकर असतो, कढई असते, तवा असतो, कणकेची परात असते आणि वरणाचा किंवा भाताचा गंज असतो. गंज म्हणजे उभट, रुंद तोंडाचे पातेले. तो एकटाच आठ जणांच्या मशीनचा अर्धा खालचा कप्पा अडवतो. अनेकदा तर तो आत मावतच नाही.

म्हणून मी दोन नियम केले होते. पहिला असा की, स्वयंपाकघर स्वतः पाहिल्याशिवाय मशीन विकायची नाही. या मशीनचे दार खाली पडते, गुडघ्याच्या उंचीला, आणि समोरची हातभर जागा खाऊन टाकते. लहान स्वयंपाकघरात माप घ्यायचे ते दार उघडे आहे असे धरून. दुसरा नियम असा की, गिऱ्हाइकाने घरातली सगळ्यांत मोठी भांडी दुकानात घेऊन यावीत आणि मशीनमध्ये लावून पाहावीत. यावरून माझी पुष्कळ थट्टा झाली. समोरचा दुकानदार गिऱ्हाइकांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणत असे, “हमीदभाऊकडे जासान तं बोऱ्यात संसार बांधून नेजा बाप्पा.” त्याने विकलेल्या आठ जणांच्या किती मशीन आज ताटल्यांचे कपाट म्हणून वापरल्या जातात, हे मी त्याला कधी विचारले नाही. आज जाहीरपणे विचारतो.

आता मूळ हकीकत.

भद्रावतीचा निखिल नावाचा तरुण दुकानात आला. कोळशाच्या खाणीत डंपर चालवायचा. तीन पाळ्यांत काम. येताच म्हणाला, “बारा जणांची द्या. माह्या साळ्याकडे नागपूरले तेच आहे.”

“घरी किती जण?”

“मी, बायको, माय अन् लहान पोरगी.”

“मंग बारा काऊन?”

“मोठी घेतली म्हंजे चिंता नाई न जी. का परवडत नाई वाटून राह्यलं तुमाले?”

असे गिऱ्हाईक मला आवडते. भांडणाऱ्या माणसाला निदान काहीतरी हवे असते. मी त्याला खुर्ची दिली आणि मशीन कशासाठी हवी, ते विचारले. तेव्हा त्याचा आवाज खाली आला.

त्याची पत्नी प्रणाली ही परिचारिका होती, शस्त्रक्रियागृहात, कंत्राटी. तिच्या हातांची कातडी फाटली होती. भांड्यांच्या पावडरीने बोटांच्या पेरांना भेगा पडत आणि त्यांतून रक्त येई. रबरी मोजे घातले तर आतल्या घामाने त्या आणखी चिघळत. शस्त्रक्रियेपूर्वी परिचारिकेला कोपरापर्यंत हात घासून धुवावे लागतात. भेगा पडलेल्या हातांनी आत जाता येत नाही. डॉक्टरांनी तिला बाहेर ठेवले होते. तिची जागा शस्त्रक्रियागृहासाठीच होती, आणि कंत्राट संपायला फार दिवस उरले नव्हते. हात बरे झाले नाहीत तर ती जागा दुसऱ्या कोणाला तरी जाणार होती.

“भांडेवाली बाई नाई लावत?” मी विचारले.

“माय लावू देत नाई. गुडघ्यानं तिले मोरीत बसता येत नाई, पण बाहेरच्या बाईच्या हातचे भांडे चालत नाईत.”

मी दुसऱ्याच दिवशी भद्रावतीला गेलो.

दुकानदाराला बैठकीत बसवतात. या मशीनच्या विक्रेत्याला थेट चुलीपर्यंत जावे लागते. माझा रिवाज असा होता की, घरातल्या ज्येष्ठ बाईने ‘या’ म्हटल्याशिवाय स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडायचा नाही. हमीद या नावाच्या माणसाने तो रिवाज का पाळावा, हे वाचकांना समजावून सांगण्याची गरज नसावी. निखिलची आई शकुंतलाबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिले, टेपकडे पाहिले.

“मापवाले भाऊ तुमीच का?”

“हो, बाई.”

“या मंग. चप्पल तिथी बाहीर राहू द्या.”

स्वयंपाकघर अरुंद, लांबट. डाव्या हाताला ओटा आणि शेगडी, ओट्याखाली गॅसची टाकी. टोकाला परसाचे दार, त्याच्या बाहेर मोरी. उजव्या हाताच्या कोपऱ्यात नळ आणि पाण्याचे माठ, आणि माठांच्या वर भिंतीतल्या फळीवर देवघर. सागवानी, जुने, रोज पुसलेले. मी खडूने फरशीवर रेघा ओढल्या. बारा जणांची मशीन फक्त परसाच्या दाराशी बसत होती, आणि तिचे दार उघडले की परसात गेलेला माणूस परसातच राहणार होता. आठ जणांची लहान मशीन मोरीजवळच्या पडवीत सहज बसली असती. पण तिच्यात गंज मावला नसता, आणि प्रणालीचे हात फाटत होते ते ताटल्या-वाट्यांनी नव्हेत, तर तळाला भात लागलेला गंज आणि कढई घासून. उरली दहा जणांची, अरुंद बांध्याची. तिला एकच जागा होती. नळाजवळ, माठांच्या ठिकाणी, देवघराच्या खाली.

हे मी तिघांसमोर स्वच्छ सांगितले. ‘हमीदने आधी मशीन गळ्यात मारली, मग देवांचा प्रश्न काढला’ असे म्हणणाऱ्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावे. जागा कोणती, हे मी मशीन विकण्याआधी सांगितले होते.

शकुंतलाबाईंनी त्या खडूच्या चौकोनाकडे बोट केले.

“त्याच्यात खरकटं ठेवाचं?”

“मशीन भरेपर्यंत ठेवावं लागते, बाई. मंग लावाची.”

“म्हंजे सकाळचं खरकटं संध्याकाळपर्यंत देवाच्या पायाखाली.”

निखिल म्हणाला, “माय, ते बंद दारात राह्यते.”

“बंद दारात राह्यलं म्हणून खरकटं नाई का ते?”

प्रणाली ओट्याला टेकून उभी होती. दोन्ही हात पदराखाली होते. मी त्यांना इतकेच म्हणालो की, भांडी घेऊन दुकानात या, लावून पाहा, मग ठरवा.

मला वाटले होते की निखिल येईल. शकुंतलाबाई आल्या. एकट्या, एसटीने, गंज, परात, कुकर आणि कढई पोत्यात घालून. कंडक्टरने पोत्याचे तिकीट मागितले म्हणून त्याच्याशी भांडून आल्या होत्या. समोरचा दुकानदार पायरीवर येऊन उभा राहिला. “बाई, भांडे मोडीत टाकाचे का जी?” त्याने विचारले. “नाई,” बाई म्हणाल्या, “तुमच्या दुकानात टाकले असते तं मोडीतच गेले असते.” तो आत गेला. त्या क्षणापासून माझ्या मनात या बाईंविषयी आदर आहे. त्यात फरक पडलेला नाही.

आठ जणांच्या मशीनमध्ये त्यांनी गंज उभा, आडवा, तिरपा लावून पाहिला आणि काढला. “हे पोरीले खेळाले बरं.” बारा जणांच्या मशीनमध्ये सगळे गेले आणि तरी निम्मी जागा उरली. त्यांनी विचारले, “हे भराले किती वेळ लागते?” तुमच्या घरी दीड दिवस लागेल, असे मी सांगताच त्यांनी तिचे दार स्वतःच लावून टाकले. दहा जणांच्या मशीनमध्ये वरचा कप्पा उचलून बसवला की गंज उपडा मावत होता आणि परात कडेला तिरपी उभी राहत होती. हे पाहून मी जे म्हणालो, तेच या धंद्यातले माझे खरे ज्ञान आहे, आणि ते कोणत्याही माहितीपत्रकात सापडत नाही. मशीनचा आकार घरातल्या तोंडांवर ठरत नाही. भांड्यावर खरकटे किती वेळ राहिलेले घराला चालते, यावर तो ठरतो. ज्या घराला दिवसभर चालते, त्याने मोठी घ्यावी. ज्याला एका जेवणापुरतेच चालते, त्याने लहान घ्यावी.

“आमाले घडीभरबी चालत नाई,” बाई म्हणाल्या.

“मंग जेवणाच्या मागं लगेच लावा. अर्धी भरली असन तरी लावा.”

त्यांनी विचार केला. “हे घेतो,” म्हणाल्या. “पण खरकटं देवाखाली निजलं नाई पाह्यजे. अन् मटणाचा गंज बाहीरच घासाचा.”

मी मान्य केले. मशीन बसवली. भद्रावतीचे पाणी जड. त्यातल्या खाराने भांड्यांवर पांढरा थर धरतो, म्हणून मशीनच्या पोटात वेगळे जाडे मीठ घालावे लागते. तेही समजावून दिले. पहिली भांडी माझ्यासमोर निघाली, लख्ख. मी समाधानाने चंद्रपूरला परतलो.

काही आठवड्यांनी निखिलचा फोन आला. आवाज चढलेला होता.

“हमीदभाऊ, तुमची मशीन धूतच नाई. अन् बायकोचे हात पह्यल्यापेक्षा जास्त फाटले. तुमी या, अन् ते घेऊन जा.”

मी गेलो. दारातच त्याने माझ्या हातात ताट दिले. “बोट फिरवा याच्यावरून. रेती लागते का नाई? अशी राह्यते का मशीन? मी पह्यल्याच दिवशी म्हटलं होतं, मोठी द्या. तुमी ऐकलंच नाई.”

ताटावर राखाडी, खरखरीत थर होता. पाण्याच्या खाराचा थर पांढरा असतो. हा तो नव्हता. आतून प्रणाली आली. या वेळी तिने हात लपवले नव्हते, कारण ते लपण्यासारखे राहिले नव्हते. मनगटापर्यंत पट्ट्या होत्या आणि दोन ठिकाणी त्यांतून डाग उमटले होते. त्या आठवड्यात डॉक्टरांना हात दाखवायचे होते. तेव्हा ते काय म्हणतील, हे आम्हा चौघांनाही कळत होते.

मी मशीन उघडली आणि तळाची जाळी काढली. या जाळीत शिते अडकतात, डाळ अडकते, कधी बी अडकते. हिच्यात अन्नाचा कण नव्हता. काठोकाठ करडा चिखल होता. मी तो चिमटीत चोळला.

“ही राख कुठून आली?”

निखिल माझ्याकडे पाहत होता, प्रणाली जमिनीकडे.

“तिले मी लावाले लावते,” शकुंतलाबाई म्हणाल्या. “मोरीतल्या पाणी तापवाच्या चुलीची राख आहे. पह्यले राखेनं घासाचं, धुवाचं, मंग त्याच्यात घालाचं.”

निखिलला हे ठाऊक नव्हते. पाळीमुळे तो जेवणाच्या वेळी घरात क्वचितच असे. तो आईकडे वळला. “म्हंजे प्रणाली आधी भांडे धुते? सगळे? अन् मंग मशीन?”

“खरकटं देवाखाली ठेवाचं नाई, हे ठरलं होतं.”

“जेवण झालं का मशीन लावाची, हेबी ठरलं होतं न.”

“तू दुपारी जेवतं, ते रात्री जेवते, पोरगी मधातच. घडी घडी लावाची म्हटलं तं टाकीत पाणी कुठून आणू? नळ एका दिवसाआड येते.”

“तू काऊन नाई बोलली?” निखिलने प्रणालीला विचारले.

“बोलून काय होणार होतं?” ती म्हणाली. “आईचं खोटं नव्हतं. तुमचंबी खोटं नव्हतं. घासून टाकलं का मिटते, असं वाटलं.”

माझा संताप झाला होता, हे मी नाकारत नाही. इतकी धडपड करून मी त्या घरात जी मशीन बसवली, तिच्यात धुतलेली भांडी पुन्हा धुतली जात होती. आणि पावडरीने जे झाले नव्हते, ते राखेच्या खाराने होत होते. मी म्हणालो, “बाई, असंच कराचं होतं तं मशीन घेतली कशाले? मोठी घेतली तरी हेच होईन, लहान घेतली तरी हेच. तुमच्या सुनेची नोकरी जाईन अन् नाव माह्या मशीनचं होईन.”

त्या घाबरणाऱ्या नव्हत्या. माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या.

“हमीदभाऊ, तुमाले एक विचारू? तुमी घरी नमाज पडता न?”

“पडतो.”

“जिथी पडता, तिथी खरकटं ठेवता का?”

हा प्रश्न आला आणि ती लहानशी खोली आणखी लहान झाली. निखिल म्हणाला, “माय, काय विचारून राह्यली तू?” मी त्याला हाताने थांबवले. प्रश्न मला होता आणि तो सरळ होता.

“नाई ठेवत,” मी म्हणालो.

“मंग?”

या ‘मंग’नंतर मी काय बोललो, यावर बाजारात सगळा वाद आहे. मी काहीही बोललो नाही. जागा अस्वच्छ असेल तर मी चटई उचलून दुसऱ्या खोलीत नेतो, हे उत्तर माझ्या ओठांवर आले होते. ते खरेही होते. पण माझ्या चटईविषयी मी बोलू शकतो. त्यांच्या देवांविषयी नाही. मी ते वाक्य गिळले. आयुष्यात मी फार कमी वाक्ये गिळली आहेत, म्हणून हे नक्की आठवते.

मी जाळी धुऊन परत बसवली, पाना उचलला आणि म्हणालो, “मशीन मी परत नेतो. गाडी बोलावतो. तुमचं घर, तुमचा रिवाज. माह्याकडून जबरदस्ती नाई.” आणि परसात जाऊन उभा राहिलो.

निखिल मागोमाग आला. “भाऊ, तुमी समजावून सांगा न तिले. तुमचं ऐकन ते.”

“ते माह्यं काम नाई,” मी म्हणालो.

तो न्हाणीच्या भिंतीला टेकला आणि खाली बसला. आतून दोघींचे बोलणे ऐकू येत होते, शब्द कळत नव्हते. मग बोलणे थांबले. शेजारच्या भिंतीवरून एका बाईने डोके काढले आणि विचारले, “काय चालू हाये जी?” माझ्या हातात पाना होता. मी उत्तर दिले नाही. आता वाटते, द्यायला हवे होते. कारण नंतर बाजारात गेलेली गोष्ट त्या भिंतीवरून गेली.

आत लाकूड भिंतीला घासल्याचा आवाज झाला. एक घंटी वाजली, पूजेला वाजवतात तशी नव्हे, उचलताना चुकून वाजते तशी. निखिल उठला. मी त्याचा दंड धरला आणि त्याला आत जाऊ दिले नाही. का धरला, हे मला तेव्हाही सांगता आले नसते.

बऱ्याच वेळाने शकुंतलाबाईंचा आवाज आला. “भाऊ, या.”

स्वयंपाकघरातली फळी रिकामी होती. भिंतीवर देवघराच्या आकाराचा स्वच्छ चौकोन दिसत होता. समोरच्या खोलीत टीव्ही जमिनीवर उतरवला होता आणि त्याच्या जागी, धुतलेल्या पाटावर, देवघर होते. दिवा लागला होता. प्रणाली भिंतीशी बसली होती. तिचे डोळे ओले होते, पण ती रडत नव्हती.

“मशीन काही हलत नाई म्हटलं,” शकुंतलाबाई म्हणाल्या. “दुसरी जागाच नाई तिले. मंग देवालेच विचारलं. आता लावा. सकाळचं खरकटं हाये, तसंच घाला.”

मी घातले. वाळलेल्या पिठाची परात, तळाला भात लागलेला गंज, बेसनाची कढई. बाई शेजारी उभ्या राहून एकेक भांडे आत जाताना पाहत होत्या. मशीन थांबली. दार उघडल्यावर त्यांनी गंज बाहेर काढला, आत हात घालून तळ चाचपला, आणि मांडणीवर ठेवून दिला. “बरं,” म्हणाल्या. मला यापेक्षा मोठी पावती कोणत्याही गिऱ्हाइकाने दिलेली नाही.

डॉक्टरांनी त्या आठवड्यात हात पाहिले आणि नकारार्थी मान हलवली. पण कंत्राट संपायच्या आत आणखी एकदा दाखवायला सांगितले. कातडी घाईने भरत नाही. त्या दिवसांत मी दुकानात बसून दुसऱ्यांना मशीन दाखवत होतो आणि लक्ष फोनकडे असे. एका सकाळी निखिलचा फोन आला. तो इतकेच म्हणाला, “गेली जी आज आत.” शस्त्रक्रियागृहात, म्हणजे. कंत्राट पुढे वाढले.

त्यानंतर बाजारात गोष्ट फिरू लागली. समोरच्या दुकानदाराने तिला पाय दिले, हे मी पुराव्यानिशी सांगू शकतो, पण सांगत नाही. परिणाम सांगतो. ज्या घरांत मला ‘या भाऊ’ म्हणत, तिथून निरोप येऊ लागला, “तुमी कायले येता, माप आमीच फोनवर पाठवतो.” आजवर ज्या माणसाने कोणाचा उंबरा न विचारता ओलांडला नव्हता, त्याला बाहेर ठेवले गेले. मी पुन्हा भद्रावतीला गेलो आणि शकुंतलाबाईंना म्हणालो, चार लोकांत खरे काय ते सांगा.

त्यांनी मला पाणी दिले. मग म्हणाल्या, “काय सांगू, भाऊ? सुनेसाठी देव हलवले, असं सांगू? आमच्या जातभाईत लोक तिले खातीन. नोकरीवाली आली अन् देव बाहीर काढले म्हणतीन. तिची नोकरी अजून पक्की नाई. तुमाले नाव ठेवतेत तं ठेवू द्या. तुमी झेलसान. ते नाई झेलनार.”

मी भांडखोर माणूस आहे. त्या दिवशी मला भांडता आले नाही. मी पाणी प्यालो आणि ‘बरं’ म्हणालो. ते एक ‘बरं’ मला बरेच महाग पडले आणि त्याचा राग मला अजून आहे. शकुंतलाबाईंवर नाही. बाजारावर आहे, आणि त्या घरांवर आहे, मला आपल्या स्वयंपाकघरात इतक्या वेळा पाहूनही ज्यांना माझी ओळख पटली नव्हती.

प्रणाली आता कायम झाली आहे आणि गडचिरोली जिल्ह्यातल्या एका रुग्णालयात वरिष्ठ परिचारिका आहे. गेल्या उन्हाळ्यात शकुंतलाबाईंनी स्वतःच फोन केला. “भाऊ, आता लिवाचं असन तं लिवा.” मी लिहिले. छापायला देण्यापूर्वी भद्रावतीला जाऊन, समोरच्या खोलीत बसून, त्यांना वाचून दाखवले. त्यांना आता नीट दिसत नाही. त्या मान खाली घालून ऐकत होत्या. मी ‘शकुंतलाबाईंनी देव हलवले’ या वाक्यापाशी आलो, तेव्हा त्यांनी हात वर केला.

“हे खोटं हाये.”

मी थांबलो. माझ्या हकीकतीला खोटे म्हणणारा माणूस समोर असला की मी काय करतो, हे मला ओळखणारे जाणतात. पण त्या घटकेला मी परसात होतो, आणि त्या आत होत्या.

“तुमी बाहीर गेलते,” त्या म्हणाल्या. “मी देवघराले हात घातला, अन् थांबली. म्हटलं, उद्या मी गेल्यावर या देवाईले पाह्यनार कोण? प्रणालीले बलावलं. ते मागं सरकली. म्हणे, आई, हाताले रक्त हाये, मी कशी शिवू. आमच्यात नाई शिवत तसं. मी म्हटलं, उचल. पह्यले बालकृष्ण उचल. तिनं त्या पट्टीच्या हातानं उचलला. मी नुसतं रिकामं देवघर नेलं. देव सगळे तिनं नेले.”

बाहेरून एसटी गेली. त्या ती जाईपर्यंत थांबल्या.

“तं असं लिवा,” त्या म्हणाल्या. “का देव प्रणालीनं हलवले, अन् मी म्हटलं म्हणून हलवले.”

मी त्यांच्यासमोरच जुने वाक्य खोडले.